बापाचे नाव कळवा

खात्याने मला मोर्सचे ठिपके आणि रेघा शिकवल्या, मिनिटाला किती शब्द गेले पाहिजेत ते शिकवलं, आणि तारेतला मजकूर कुणाला सांगायचा नाही अशी तंबी दिली. शिरपुरात सिद्धार्थ पडघान किती आहेत, हे मात्र कुणी शिकवलं नाही. माझ्या नोकरीतला निम्मा ताप अशाच गोष्टींनी झाला.

या अंकाच्या संपादकांचा निरोप आला, "तुमच्या काळातल्या तारघरातल्या गमतीजमती लिहा." गमती वाचणाऱ्याला असतात हो. खिडकीच्या आत बसणाऱ्याचं डोकं पिकतं. तरी लिहायला बसलो, कारण एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे आणि ती झाकून बाकीचे विनोद सांगत बसणं मला लबाडीचं वाटतं.

आज ज्याला वाशीम जिल्हा म्हणतात तो तेव्हा अकोल्यातच होता. आमचं तारघर म्हणजे तालुक्याच्या गावातल्या पोस्टाची एक खोली. टेबलावर खटका, म्हणजे बोटाने दाबायची पितळी पट्टी. शेजारी लाकडी डबीत बसवलेलं एक यंत्र, त्यातून पलीकडच्याची खटखट ऐकू यायची. ती ऐकायची, मनात अक्षरं जुळवायची आणि हाताने कागदावर उतरवायची, एवढाच धंदा. आमची वायर अकोल्यापर्यंत. पुढचं अकोल्याचा बाबू पाहायचा. त्याला मी सोळा वर्षांत एकदाही पाहिलं नाही, पण त्याचा हात ओळखायचो. रेघ जरा लांबवायचा आणि जेवणाची वेळ जवळ आली की ठिपके गिळायचा.

तार पाठवणं सोपं. कठीण काम म्हणजे ती कुणासाठी आहे हे ठरवणं. शब्दावर पैसे पडत, म्हणून लोक शब्द कापायचे, आणि कापायला त्यांना नेमका पत्ताच सापडायचा. निरोपात "आपला आज्ञाधारक" असे दोन शब्द सुखाने बसायचे, पण बापाचं नाव, पुरा, गल्ली सगळं गायब. मग तार आमच्याकडे येऊन पडली की आम्ही ज्या गावाहून ती निघाली त्या तारघराला उलट चौकशीची तार करायची. ती फुकट असायची, पण तिच्यातही शब्द मोजूनमापून. "तुमची अमुक नंबरची तार. या नावाचे अनेक. जास्त माहिती कळवा." तारा बहुतेक इंग्रजीतून जात, मी इथे मराठीत सांगतो आहे. या चौकशीचा एक स्वभाव होता. जेवढं विचारलं तेवढंच उत्तर. एक अक्षर जास्त नाही. तुम्ही चुकीचं विचारलंत तर चुकीच्याचं बरोबर उत्तर मिळायचं, आणि ते घेऊन तुम्ही कपाळ बडवत बसायचं.

शिरपूरला जैन मंदिराला यात्रेकरू येतात. एकदा मुंबईहून तार आली, पत्ता "शाह, धर्मशाळा, शिरपूर". मजकूर होता, "चावी कुठे ठेवली?" संपलं. शिरपूरकडच्या तारा डाकेच्या थैलीत एस.टी.ने जायच्या. तिथले पोस्टमन भगत हे फार काळजीवाहू गृहस्थ. ते भर जेवणाच्या वेळी धर्मशाळेत गेले आणि दारातून ओरडले, "शाह कोन हाये?" पंगतीतली बहुतेक माणसं उठून उभी राहिली. मग भगतांनी चावीचं नाव काढलं. त्याबरोबर अर्ध्या लोकांना घरची चावी आठवली, बायका कमरेचे जुडगे चाचपायला लागल्या, एका म्हातारबांनी तर घरी चोरी झाली असं धरूनच टाकलं. भगत तार परत घेऊन आले. वर मलाच म्हणतात, "बाबू, आता तुमीच सांगा, मी काय करू? सारेच शाह हायत!" मी मुंबईला विचारलं, "कोणता शाह?" मुंबईचं उत्तर आलं, "धर्मशाळेतला."

माझं पित्त का खवळायचं ते आता कळलं असेल.

उलटही व्हायचं. मेडशीकडची एक बाई खिडकीशी आली, डोक्यावर पदर, कुशीत तान्हं मूल आणि सोबत सासू. नवऱ्याला तार करायची होती. नवरा टोळीतून कालव्याच्या कामावर गेलेला, तिकडे लांब, नगरच्या बाजूला.

"नाव सांगा," मी म्हटलं.

बाईने सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "तिनं कसं घ्यावं जी नाव?"

"मग तुम्ही घ्या. तुमचा मुलगा आहे ना?"

"माह्या सासऱ्याचंच नाव ठेवलं ना त्याले! मी तरी कसं घेऊ?"

मी लेखणी खाली ठेवली. मागे रांग लागलेली. सासू मग समजावणीच्या सुरात म्हणाली, "अवो बाबू, नाव कायले पाह्यजे? जांभरूनचा मुकादम किसन हाये, त्याची टोली. बारा जोड्या गेल्या. त्यातला लंगडा बैल कोनाचा म्हना, कोनीबी सांगंल." शेवटी मी रागारागाने तेवढंच लिहिलं: मुकादमाचं नाव, टोळी, कालव्याचं ठिकाण, आणि खाली "मेडशीवाला, मुलगी झाली, दोघी बऱ्या". ही तार परत येणार याची मला खात्री होती. ती दुसऱ्या दिवशी पोचली. तिसऱ्या दिवशी त्याचं उत्तरही आलं. आणि त्याच आठवड्यात एका वकिलाची, नाव, बापाचं नाव, आडनाव, वाडा, रस्ता असा सगळा पत्ता असलेली तार "इसम सापडत नाही" म्हणून परत आली.

एकेका माणसाचा माग काढण्यापेक्षा टोळी विचारावी, टोळीत माणूस सापडतोच, हे त्या म्हातारीला माहीत होतं. मलाही त्या दिवशी कळलं. कळून उपयोग काय झाला, ते पुढे सांगतो.

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. नागपूरच्या एका सरकारी कार्यालयातून तार आली. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण असं कुठल्याही कार्यालयात झालं असतं. पत्ता: "सिद्धार्थ पडघान, शिरपूर." मजकूर: मदतनीसाच्या जागेवर निवड झाली आहे, पुढच्या मंगळवारी मूळ दाखल्यांसह हजर व्हावे, न आल्यास जागा दुसऱ्यास जाईल.

नाव वाचताच मी कपाळाला हात लावला. मी स्वतः धनजच्या बौद्धपुऱ्यातला. छप्पन सालानंतर आमच्याकडे जे पोर जन्मलं त्याचं नाव सिद्धार्थ, नाहीतर गौतम, नाहीतर राहुल. आमच्या आईबापांनी मोठ्या अभिमानाने ठेवलेली नावं ती. आधीच्या पिढीची नावं गावाने ठेवली होती, ही त्यांनी स्वतः निवडून ठेवली. त्या अभिमानाबद्दल माझी तक्रार नाही. पण एका पुऱ्यात, एका भावकीत, एकाच आडनावाची, एकाच वयाची दोन-दोन, चार-चार पोरं त्याच नावाची झाली, आणि वीस वर्षांनी ती सगळी मिळून माझ्या टेबलावर आली.

तार मंगळवारी आली, बुधवारी शिरपूरला गेली. गुरुवारी सकाळच्या गाडीने भगतांच्या शेऱ्यासह परत आली: "या नावाचे दोन. दोघांनीही अर्ज केला आहे. कोणास द्यावी?" आणि त्याच गाडीतून ते दोघेही उतरले. भगतांनी खातरजमा करायला साऱ्या पुऱ्यात विचारणा केली होती. गुपित वगैरे आमच्या तंबीपुरतं राहिलं.

दोघं चुलतभाऊ. एक तुकारामचा, उंच, बोलका. दुसरा सुखदेवचा, बुटका, शर्टाचं वरचं बटणही लावलेला. दोघांनी एकाच दिवशी, एकाच मास्तरांकडून, एकाच शाईने अर्ज भरून घेतले होते.

"जयभीम काका," तुकारामचा म्हणाला. "आमची तार हाये म्हनतेत."

"आमची नाही. एकाची," मी म्हटलं. "कुणाची ते विचारतो. बाहेर बसा."

मी नागपूरला चौकशी केली: "या नावाचे दोन. बापाचे नाव कळवा." दोघं बाहेर बाकावर बसले. दुपारी त्यांनी एकाच फडक्यातली भाकरी सोडून खाल्ली. संध्याकाळी गाडीने परत गेले. शुक्रवारी पुन्हा हजर. अकराच्या सुमारास उत्तर आलं: "तारेतील नाव बरोबर आहे."

मी टेबलावर मूठ आपटली. पोस्टमास्तर आतून म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "नाव बरोबर आहे म्हणे!" पुन्हा खटका धरला: "नाव बरोबर आहे हे कळले. बापाचे नाव कळवा." शनिवारी उत्तर आलं, त्या कार्यालयाला सुटी, माणूस भेटत नाही. दोघं शनिवारीही आले होते. खिडकीत दोन तोंडं दिसली की माझं डोकं उठायचं. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "तुम्ही इथे बसल्याने वायर लवकर चालणार आहे का?" तुकारामचा हसला. सुखदेवचा म्हणाला, "घरी बसवत नाई ना, काका."

सोमवारी दहा वाजता ते मूळ दाखले सोबत घेऊनच आले. मंगळवारी नागपूर गाठायचं तर दुपारच्या गाडीने अकोल्याला निघायलाच हवं होतं. अकरा वाजले, बारा वाजले. पावणेएकला अकोल्याच्या बाबूचा हात सुरू झाला. लांबवलेली रेघ ऐकली आणि मी पेन्सिल धरली. "सिद्धार्थ तुकाराम पडघान."

मी उठून खिडकीशी गेलो आणि तार तुकारामच्या सिद्धार्थच्या हातात दिली. सही घेतली. त्याचा चेहरा उजळला आणि लगेच भावाकडे पाहून पडला. सुखदेवच्या सिद्धार्थने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चाल, मी जागा धरून देतो." तो धावत स्टँडवर गेला, गर्दीतून खिडकीत हात घालून आपला रुमाल सीटवर टाकला, भावाला बसवून दिलं. हे मला चहावाल्याने नंतर सांगितलं. मग तो परत माझ्या खिडकीशी आला. घामेजलेला.

"काका, एक इचारू?"

"आता काय?"

"आखरी एकदा नागपूरले इचारा ना. दोघायचंबी असू शकते. मी बी तोच फारम भरला, पेपरबी चांगला गेलता."

चार दिवसांचा राग माझ्या डोक्यात होता. रांगेत सात-आठ माणसं होती. मी म्हटलं, आणि शब्दन् शब्द मला आठवतो, "सरकारी वायर म्हणजे तुझ्या घरचा निरोप्या वाटला का? बापाचं नाव विचारलं, आलं. तुझं नाही आलं. आता जा."

"बरं," तो म्हणाला. जयभीम घातला आणि गेला.

ती चौकशी करायला मला एक मिनिट लागलं असतं. "यादीत शिरपूरचे एकूण किती?" एवढंच. पोरगा मला नीट प्रश्न सुचवत होता, मेडशीच्या म्हातारीसारखाच. आणि मी, मिनिटाला पंचवीस शब्द पाठवणारा हुशार तारबाबू, त्याला हाकलून दिलं. का, तर माझं डोकं उठलं होतं.

तीनेक वर्षांनी तुकारामचा सिद्धार्थ एका दुपारी तारघरात आला. अंगावर कडक इस्त्री, हातात बॅग. मला वाटलं पेढे घेऊन आला असेल. तो आत येऊन स्टुलावर बसला आणि बॅग मांडीवर घेतली.

"मले आस्थापना शाखेत घेतलं, काका," तो म्हणाला. "जुन्या फायली बांधून राह्यलो होतो. आमच्या भरतीची यादी सापडली."

"मग?"

"माह्यं नाव दोनदा हाये. चौदा नंबरले सिद्धार्थ पडघान, शिरपूर. एकोनीसले बी सिद्धार्थ पडघान, शिरपूर. बापाचं नाव यादीत कोनाचंच नाई. एकोनीसवर लाल रेघ. बाजूले लिवलं हाये, नाव दोनदा आले, कमी केले."

खटका वाजत होता, अकोला मला हाक मारत होता. मी उत्तर दिलं नाही.

त्याने साहेबांना विचारून पाहिलं होतं. ती यादी केव्हाच रद्द झाली, मागचं उकरू नको, असं साहेब म्हणाले. तेव्हा माझी चौकशी आल्यावर तिथल्या कारकुनाने चौदा नंबरचा अर्ज काढला, त्यावर तुकारामचं नाव वाचलं आणि कळवलं. एकोणीस नंबरचा अर्ज कुणी उघडला नाही. मी तरी तो उघडायला कुठे सांगितलं होतं?

"त्याले सांगितलंस?" माझ्याही तोंडून घरची बोली निघाली.

"दोनदा गेलतो सांगाले. जेवून वापस आलो. नाई सांगता येत, काका." तो रडायला लागला. "तुमी सांगता का?"

सुखदेवचा सिद्धार्थ तेव्हा टोळीबरोबर दिवाळीनंतर कामावर जायचा आणि उन्हाळ्यात परत यायचा. मॅट्रिक झालेला पोरगा, खडी फोडत होता. तो गावी आल्याचं भगतांकडून कळलं, त्या रविवारी मी एस.टी.ने शिरपूरला गेलो. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांची बातमी दहा शब्दांत बसवली, माझी बसेना.

घर पुऱ्याच्या टोकाला. सुखदेव पडघान ओसरीवर दोरी वळत बसले होते. सिद्धार्थ आतून पाणी घेऊन आला. हाताला घट्टे पडले होते. मी पाणी प्यायलो नाही, उभ्या उभ्याच सांगून टाकलं. यादी, चौदा, एकोणीस, लाल रेघ. आणि तू मला विचारायला सांगितलं होतंस, मी तुला हाकलून दिलं, हेही सांगितलं. म्हटलं, "चूक नागपूरची होती, पण निस्तरणं माझ्या हातात होतं. मला शिव्या दे."

शिव्यांची मी वाट पाहत होतो, मला त्या हव्या होत्या.

"म्हंजे मी पास झालतो?" त्याने विचारलं.

"हो. एकोणिसावा."

तो वळला आणि मोठ्याने ओरडला, "बा! मी पास झालतो! आयकलं का? मी नापास नव्हतो झालो, बा!"

सुखदेवांचे हात दोरीवर थांबले. नंतर मला समजलं की गेली तीन-चार वर्षं ते पोराशी धड बोलत नव्हते. तुकारामच्या पोराला लागली, तुला का नाही लागली, तू अभ्यासच केला नसशील, हे त्यांनी एकदाच म्हटलं होतं. पुढे म्हणायची गरज पडली नाही, घरात ते नुसतंच राहिलं होतं. टोळीत पोराचं नाव त्यांनीच घातलं होतं.

सुखदेव उठले नाहीत. मला म्हणाले, "बाबू, हे खरं हाये?"

"खरं आहे."

"मंग लिवून द्या."

"त्याने नोकरी मिळणार नाही हो, दादा," मी म्हटलं. "ती यादी गेली."

"नोकरीसाठी नाई म्हनत. लिवून द्या तुमी."

माझ्या खिशात तारेच्या कोऱ्या फॉर्मची घडी असायची, सवयच ती. ओसरीच्या कडेला बसून मी लिहिलं: सिद्धार्थ सुखदेव पडघान, शिरपूर. मदतनीसाच्या जागेसाठी यांची निवड झाली होती. खाली सही केली. कशाचाही उपयोग नसलेला कागद. खात्याला कळलं असतं तर मला जाब विचारला असता.

सुखदेवांनी तो हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

"याच्यात माह्यं नाव हाये?"

"आहे."

"कोठी?"

मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि तिथे स्वतःचं ठेवलं.